फळ्यासमोर फौजदार

अमेरिकेतल्या पोलिसांनी कॉलेजात जायला हवे, ही कल्पना ज्यांनी रुजवली ते ऑगस्ट व्होल्मर स्वतः हायस्कुलाची पायरी चढले नव्हते. कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात त्यांचे कोळसा आणि जनावरांच्या चाऱ्याचे दुकान होते. मग ते फिलिपाइन्सच्या लढाईवर जाऊन आले आणि परतल्यावर टपाल वाटू लागले. १९०५ मध्ये गावाने त्यांना मार्शल म्हणून निवडून दिले, १९०९ मध्ये ते बर्कलीचे पोलीस प्रमुख झाले. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी आपल्या शिपायांसाठी शाळा काढली होती. १९१६ पासून कायद्याचे प्राध्यापक अलेक्झांडर किड यांच्या साथीने विद्यापीठात पोलिसांचे उन्हाळी वर्ग भरू लागले. पुढे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनाच त्यांनी पोलिसात ओढले; ‘कॉलेज कॉप’ म्हणून गाव या मुलांची टिंगल करी. यातल्याच एका पीएचडीधारक शिपायाने, जॉन लार्सनने, १९२१ मध्ये खोटे पकडण्याचे यंत्र बनवले. (त्या यंत्राची कीर्ती त्याच्या गुणांपेक्षा बरीच मोठी झाली, पण तो वेगळा विषय.) १९२९ मध्ये शिकागो विद्यापीठाने व्होल्मरना पोलीस प्रशासनाचे प्राध्यापक नेमले आणि पुढे ते बर्कलीतही प्राध्यापक झाले. गणवेश उतरवून फळ्यासमोर उभे राहणाऱ्या पोलिसांची अमेरिकन परंपरा इथून मोजायची, आणि या परंपरेचा मूळ पुरुषच पदवीशिवायचा होता.

आज ही परंपरा सर्वांत दाट दिसते ती कम्युनिटी कॉलेजांत. तिथल्या ‘क्रिमिनल जस्टिस’ विभागात निवृत्त सार्जंट, लेफ्टनंट, डिटेक्टिव्ह, कधी एखाद्या गावाचा माजी पोलीस प्रमुख शिकवताना सापडतो. त्यांच्यावरून दोन पक्ष पडलेले आहेत. एक म्हणतो, ज्याने कधी कुणाच्या हातात बेडी घातली नाही त्याने अटकेवर व्याख्यान देऊ नये. दुसरा म्हणतो, वीस वर्षे गस्त घातल्याने कुणी गुन्हेशास्त्रज्ञ होत नाही. दोघांचेही दाखले खरे आहेत. पण दोन्ही पक्ष माणसाविषयी भांडतात. माझ्या मते खरी गोम त्या माणसाला कॉलेज कोणत्या अटीवर वर्गात उभे करते आणि त्याच्या अनुभवाला तिथे कुणी प्रश्न विचारतो का, यात आहे.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, हे थोडे सांगायला हवे, कारण आपल्याकडे त्याला नेमका जोड नाही. बारावीनंतरचे दोन वर्षांचे सरकारी कॉलेज. प्रवेश जवळजवळ सर्वांना खुला, फी विद्यापीठाच्या मानाने बरीच कमी, संध्याकाळचे वर्ग भरपूर. १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएटला असे पहिले सरकारी कॉलेज निघाले. दोन वर्षांनी असोसिएट पदवी मिळते. ती घेऊन नोकरीला लागा नाहीतर विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जा. क्रिमिनल जस्टिसच्या वर्गात फौजदारी कायदा, तपास, तुरुंग व्यवस्था, बालगुन्हेगारी, अहवाललेखन असे विषय असतात आणि बाकांवर मोठी सरमिसळ असते. पोलीस भरतीची वाट पाहणारा अठरा वर्षांचा मुलगा, मॉलमध्ये सुरक्षारक्षक असलेली दोन मुलांची आई, पगारवाढीसाठी पदवी हवी असलेला नोकरीतला पोलीस, सैन्यातून परतलेला कुणी. आणि त्यांच्याच रांगेत असा एखादा, ज्याच्या भावाला पोलिसांनी पहाटे घरातून उचलून नेले होते.

ही कॉलेजे पोलिसांनी भरली ती पैशामुळे. व्होल्मरनंतर तीस वर्षे हे शिक्षण मोजक्या ठिकाणी रांगत होते: सॅन होजेला १९३० पासून, मिशिगन स्टेटला १९३५ पासून. साठच्या दशकात शहरांत दंगली पेटल्या, गुन्हे वाढले आणि अध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या आयोगाने १९६७ मध्ये सांगितले की कायदा राबवणाऱ्या प्रत्येक पोलिसाकडे पुढेमागे पदवी असावी. १९६८ च्या कायद्याने केंद्राची तिजोरी उघडली. पोलिसांच्या शिक्षणासाठी ‘लीप’ नावाची योजना आली. तिच्यात नोकरीतल्या पोलिसांना अनुदान मिळे आणि पुढे पोलिसात येऊ इच्छिणाऱ्यांना कर्ज, जे सेवेच्या प्रत्येक वर्षामागे चौथ्या हिश्श्याने माफ होई. सत्तरच्या दशकाच्या मध्याला या एका योजनेवर वर्षाला चार कोटी डॉलरच्या आसपास खर्च होत होता. एवढी बांधील गिऱ्हाइके समोर दिसल्यावर कॉलेजांनी भराभर विभाग काढले. शिक्षक आणायचे कुठून? गुन्हेशास्त्रात पीएचडी केलेली माणसे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पोलीस ठाणे मात्र प्रत्येक गावात होते. वर्गात बसलेले पोलीस, शिकवणारे पोलीस, आणि काही ठिकाणी तर वर्गही पोलिसांच्याच इमारतीत. विद्यापीठातली मंडळी या विभागांना ‘कॉप शॉप’ म्हणत, आणि त्यात कौतुक अजिबात नसे.

या फुगवट्याला टाचणी लावली १९७८ च्या एका अहवालाने. पोलीस फाउंडेशनने नेमलेल्या राष्ट्रीय आयोगासाठी लॉरेन्स शर्मन या तिशीही न गाठलेल्या संशोधकाने तो लिहिला होता. त्याचा रोख असा की पोलिसांच्या उच्च शिक्षणाच्या नावाखाली बऱ्याच ठिकाणी पोलीस अकादमीतले प्रशिक्षणच दिले जाते: फॉर्म कसा भरायचा, गाडी कशी अडवायची, गस्त कशी आखायची. शिक्षक बहुतेक अर्धवेळ, त्यांच्या स्वतःच्या पदव्या तोकड्या. पोलिसी व्यवस्था जशी आहे तशी का आहे, हा प्रश्न विचारायला कुणी मोकळे नाही, कारण विचारणारा आणि उत्तर देणारा एकाच खात्यातले. दोन वर्षांच्या, पुढे कुठेच न नेणाऱ्या पोलीस-पदव्या हळूहळू बंद कराव्यात इथपर्यंत तो गेला. त्याच अहवालात आणखी एक मुद्दा होता, जो त्याचा दाखला देणारे सोयीने विसरतात. शिक्षक निवडताना आधीची पोलिसाची नोकरी ही अट असू नये, तसाच तो अडसरही असू नये. मला हा अख्ख्या अहवालातला सर्वांत शहाणा मुद्दा वाटतो. कॉलेजांनी त्यातले काहीच मनावर घेतले नाही. पुढे केंद्राचा पैसा आटला तरी विभाग टिकले, कारण विद्यार्थी येतच राहिले.

निवृत्त पोलिसाकडे असे काय असते की ज्यासाठी त्याला बोलवावे? एका खटल्यावरून पाहू, कारण हा खटला अमेरिकेतल्या क्रिमिनल जस्टिसच्या जवळपास प्रत्येक वर्गात शिकवला जातो.

३१ ऑक्टोबर १९६३. क्लीव्हलंड शहराच्या मध्यवस्तीत साध्या कपड्यांतला डिटेक्टिव्ह मार्टिन मॅकफॅडन फिरत होता. त्याची ३९ वर्षे पोलिसात गेली होती, त्यातली बहुतेक खिसेकापू आणि दुकानचोर हुडकण्यात. दोन तरुण एका दुकानाच्या काचेपाशी आळीपाळीने जाऊन डोकावत, परत येत, कुजबुजत. हे बराच वेळ चालले. तिसरा एक जण येऊन बोलून गेला. मॅकफॅडनला दरोड्याचा संशय आला. तो पुढे गेला, नावे विचारली, उत्तर नीट आले नाही तेव्हा त्यांतल्या जॉन टेरीला वळवून वरून अंग चाचपले, आणि कोटात पिस्तूल सापडले. अटकेसाठी लागणारा सबळ आधार त्याच्यापाशी नव्हता. होता तो मुरलेल्या पोलिसाचा अंदाज. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी ती झडती वैध ठरवली. पोलिसाला आपल्या संशयाची ठोस कारणे शब्दांत मांडता आली पाहिजेत एवढी अट घालून न्यायालयाने अनुभवी नजरेला कायद्यात जागा दिली.

आता हा खटला वर्गात कसा शिकवायचा? ज्याने कधी रस्त्यावर कुणाला थांबवले नाही असा प्राध्यापक विनाकारण झडतीपासून संरक्षण देणारी राज्यघटनेची चौथी दुरुस्ती, बहुमताचा तर्क आणि न्यायमूर्ती डग्लस यांचे विरोधी मत समजावून सांगेल. ते हवेच. पण त्या काही सेकंदांत काय होते हे त्याला सांगता येणार नाही. हात खिशाकडे गेला की पोटात कसा गोळा येतो, कोटाच्या कापडावरून पिस्तूल आणि चष्म्याची डबी यांत फरक कसा कळतो, किंबहुना कितीदा कळतच नाही, हे माजी पोलीसच सांगू शकतो. आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे नंतर अहवालात काय लिहितात, हे त्याला ठाऊक असते. न्यायालयाने ‘ठोस कारणे’ मागितली की ठाण्यातल्या अहवालांत ठोस कारणांचा एक साचा तयार होतो. ‘हालचाली संशयास्पद’, ‘गुन्ह्यांसाठी कुप्रसिद्ध भाग’, ‘खिशाला फुगवटा’. १९६१ मध्ये बेकायदा झडतीतला पुरावा राज्यांच्या न्यायालयांतही बाद ठरू लागला, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये अंमली पदार्थांचे आरोपी एकाएकी पोलिसाला पाहताच पुडी रस्त्यावर टाकू लागल्याचे अहवाल वाढले. पुडी आपोआप पडली तर झडती झालीच नाही, मग पुरावा चालतो! आरोपी बदलले नव्हते, अहवालाची भाषा बदलली होती. १९९४ च्या मॉलेन आयोगाने न्यूयॉर्क पोलिसांतल्या खोट्या साक्षीची दखल घेतली तेव्हा तिला पोलिसांच्याच बोलीत एक नाव पडलेले होते, ‘टेस्टिलाइंग’. हे वर्गात सांगायला धाडस लागते. ज्याचे निम्मे मित्र अजून खात्यात आहेत त्याला तर फारच. पण सांगणारे सांगतात, आणि ते सांगतात तेव्हा त्यांच्या शब्दाला जे वजन येते ते कुठल्याही पुस्तकी प्राध्यापकाला येणार नाही.

न सांगणारेही असतात. त्यांच्या वर्गात टेरीचा खटला मॅकफॅडनच्या पराक्रमाची गोष्ट होतो आणि तिथेच संपतो. टेरी कृष्णवर्णीय होता आणि मॅकफॅडन गोरा. निकालपत्रात याचा उल्लेखही नाही. टेरीची बाजू मांडणारे वकील लुई स्टोक्स त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले. या निकालाच्या आधारावर न्यूयॉर्क पोलिसांनी २०११ या एका वर्षात सुमारे ६ लाख ८५ हजार वेळा लोकांना अडवले, आणि त्यांतल्या दहातल्या जवळपास नऊ प्रसंगांत ना अटक झाली ना समन्स. बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते. २०१३ मध्ये न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ही पद्धत ज्या रीतीने राबवली जात होती ती घटनाबाह्य ठरवली. मॅकफॅडनची नजर ३९ वर्षांत घडली होती. तिच्या नावावर मिळालेला अधिकार अकादमीतून गेल्या आठवड्यात बाहेर पडलेल्या पोरालाही लागू झाला. अनुभवाचे वर्गात काय करायचे, हा प्रश्न या एका खटल्यात जसा उघडा पडतो तसा दुसरीकडे क्वचितच.

अनुभव ही साक्ष आहे, निकाल नव्हे. साक्षीची उलटतपासणी व्हावी लागते, हे पोलिसाला इतर कुणापेक्षा जास्त कळायला हवे. वर्गात ती होत नाही तेव्हा काय होते, याचे ठळक उदाहरण ‘२१ फुटांचा नियम’. १९८३ मध्ये सॉल्ट लेक सिटीचे एक पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी एका मासिकात छोटा लेख लिहिला. चाकू घेतलेला माणूस सुमारे दीड सेकंदात २१ फूट अंतर कापतो आणि तेवढ्यात सरावलेला पोलीस जेमतेम पिस्तूल काढून झाडू शकतो, हे त्यांनी साध्या कवायतीतून मांडले होते. सावध राहा, अंतर ठेवा, आडोसा शोधा, असा त्याचा सूर. तोंडोतोंडी फिरता फिरता त्याचा नियम झाला: चाकूवाला २१ फुटांच्या आत आला की गोळी घालणे योग्य. लेखात असा नियम नव्हता. एका प्रशिक्षकाने दुसऱ्याला, त्याने वर्गाला, वर्गातल्यांनी पुढच्या तुकडीला सांगितले. २०१६ मध्ये पोलीस अधिकाऱ्यांच्याच एका प्रतिष्ठित संशोधन संस्थेने हा नियम टाकून द्या, मागे सरका, वेळ मिळवा, बोलते करा, असे सांगितले, तेव्हा नाराजीचा गदारोळ झाला. तीस वर्षे सांगत आलेली गोष्ट सोडवत नाही.

पण संशोधन म्हणजे शहाणपण आणि अनुभव म्हणजे दंतकथा, असा सरळ हिशेबही नाही. १९७२-७३ मध्ये कॅन्सस सिटीत पोलीस गस्तीचा मोठा प्रयोग झाला. शहराच्या एका भागातल्या १५ गस्त-हद्दींपैकी काहींत नेहमीची गस्त, काहींत दुप्पट-तिप्पट, काहींत बोलावल्याशिवाय पोलीस जाणारच नाहीत. वर्षभराने गुन्ह्यांत म्हणण्याजोगा फरक सापडला नाही. लोकांच्या भीतीतही नाही. पंचवीस वर्षे गाडीत बसून गस्त घातलेल्या माणसाने हा निष्कर्ष वर्गाला शिकवायचा! त्या वेळचा त्याचा चेहरा बघावा आणि त्यावरून तो शिक्षक आहे की नुसता गोष्टीवेल्हाळ ते ठरवावे. पुढे याच विषयाला दुसरे वळण मिळाले. १९९५ मध्ये शर्मन आणि डेव्हिड वाइसबर्ड यांनी मिनियापोलिसमधल्या प्रयोगावरून दाखवले की गस्त विखरून घालण्याऐवजी ठरावीक कोपऱ्यांवर एकवटली तर परिणाम होतो. ‘कुठल्या कोपऱ्यावर उभे राहायचे ते आम्हाला ठाऊक असतेच,’ असे जुने पोलीस आधीपासून म्हणत होते, आणि ते अगदीच चुकीचे नव्हते.

घरातल्या मारहाणीचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे. १९८१-८२ मध्ये मिनियापोलिसमध्येच शर्मन यांनी पोलिसांना रंगीत कागदांचे गठ्ठे दिले. वरचा कागद ज्या रंगाचा निघेल त्याप्रमाणे मारणाऱ्याला अटक करायची, समजूत घालायची किंवा काही तासांसाठी घराबाहेर काढायचे. अटक झालेल्यांनी पुन्हा मारहाण करण्याचे प्रमाण कमी निघाले. एवढ्या एका अभ्यासाच्या बळावर अनेक राज्यांनी अटक सक्तीची केली. मग ओमाहा, मिलवॉकी, शार्लट अशा शहरांत प्रयोग पुन्हा झाला आणि निकाल फाटत गेले. मिलवॉकीत बेरोजगार पुरुषांच्या बाबतीत अटकेनंतर हिंसा वाढलेली दिसली. अशा घरांत वर्षानुवर्षे जाऊन आलेल्या पोलिसांची आधीची कुरकुर, की सगळ्यांना एकच औषध चालणार नाही, इथे खरी ठरली. अर्थात त्याच कुरकुरीत ‘नवराबायकोचे भांडण आहे, आपण कशाला पडा’ हा आळसही मिसळलेला होता, हे विसरून चालणार नाही. हे दोन्ही धागे वेगळे करून दाखवणे, याला मी शिकवणे म्हणेन.

उलट दिशेने प्रवास केलेलेही आहेत. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात गुन्हेशास्त्र शिकवणारे जॉर्ज किर्कहम यांना वर्गातल्या पोलिसांनी आव्हान दिले तेव्हा ते प्रशिक्षण घेऊन जॅक्सनव्हिलमध्ये खरोखर पोलीस झाले आणि १९७० च्या दशकाच्या मध्याला आपल्या मतांची कशी उलथापालथ झाली ते लिहिले. पीटर मॉस्कोस हार्वर्डला समाजशास्त्राचे संशोधन करताना बाल्टिमोरच्या पूर्व भागात पोलीस म्हणून राबले आणि अंमली पदार्थविरोधी धोरणाचे कडवे टीकाकार होऊन बाहेर पडले. आता ते न्यूयॉर्कच्या जॉन जे कॉलेजात शिकवतात. हे कॉलेज १९६४ मध्ये पोलिसांसाठीच निघाले होते. तिसरा नमुना सेथ स्टॉटन यांचा. टॅलाहासीत पाच वर्षे पोलीस, मग कायद्याचे शिक्षण, मग प्राध्यापक. २०२१ मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूसाठी डेरेक शॉव्हिन या पोलिसावर चाललेल्या खटल्यात सरकारतर्फे बळाच्या वापरावर त्यांनी साक्ष दिली. या तिघांत समान काय? दोन्ही जगांत उभे राहायला त्यांना कुणीतरी वेळ दिला, पगार दिला.

कम्युनिटी कॉलेजातल्या माजी पोलिसाला मिळत नाही ते नेमके हेच. तिथले दोनतृतीयांशच्या आसपास शिक्षक अर्धवेळ असतात. आपल्या भाषेत तासिका तत्त्वावरचे. एका सत्राच्या एका विषयामागे देशभरात सरासरी साडेतीन-चार हजार डॉलर हाती पडतात. या रकमेवर घर चालत नाही. ज्याला पेन्शन आणि आरोग्यविमा आधीच मिळतो त्यालाच हे परवडते. न्यूयॉर्कच्या पोलिसाला वर्षानुवर्षे २० वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन मिळत आले. २००९ नंतर भरती झालेल्यांसाठी ही अट २२ वर्षांवर गेली. म्हणजे चाळिशीच्या मध्यावर सुटलेला, धडधाकट, संध्याकाळी मोकळा माणूस कॉलेजला आयता मिळतो. कॉलेजचे भागते, त्यालाही बरे वाटते. नुकतीच पीएचडी संपवलेली, शैक्षणिक कर्ज फेडणारी मुलगी याच पगारावर टिकत नाही. म्हणजे निवड अनुभव श्रेष्ठ की पदवी श्रेष्ठ अशी होतच नाही; हलक्या मजुरीवर कोण टिकेल यावर होते. मग या माणसाला टेबल नाही, सहकाऱ्यांशी चर्चा नाही, नवे संशोधन वाचायला कुणी पैसे देत नाही, त्याच्या तासाला दुसरे कुणी येऊन बसत नाही. तो गाडीतून उतरतो, तीन तास बोलतो, गाडीत बसतो. अशा स्थितीत कुणीही आपल्याजवळ आहे तेच देणार, आणि त्याच्याजवळ गोष्टी असतात.

गोष्टींना विद्यार्थी भुलतात, हेही सांगितले पाहिजे. शिक्षकाच्या मूल्यमापनाच्या कागदावर अशा सरांना भरघोस गुण पडतात. ज्या मुलाला पोलीसच व्हायचे आहे त्याच्यासाठी तर हे सर म्हणजे भरतीचा रस्ता, शिफारसपत्र, ओळख. अटक अनुभवलेल्या घरातली मुलगी मात्र त्या वर्गात गप्प बसते. सर वाईट असतात असे नाही. खोलीतले सगळे विनोद एकाच बाजूने येतात, एवढे पुरते.

पैशाच्या दुसऱ्या टोकाला मॅसेच्युसेट्सची कहाणी आहे. १९७० च्या क्विन कायद्याने पोलिसांना पदवीनुसार पगारवाढ देऊ केली. पुढे ती असोसिएट पदवीला १० टक्के, बीएला २०, एमएला किंवा कायद्याच्या पदवीला २५ टक्के अशी होती. पगाराच्या एवढ्या मोठ्या हिश्श्यासाठी पदवी घेणाऱ्याला ती लवकर आणि सुखाने मिळावी असे वाटणार, आणि तसे देणारे अभ्यासक्रम उगवलेही. शिकणारा पोलीस, शिकवणारा त्याचाच जुना वरिष्ठ, नापास कोण कुणाला करणार? २००० नंतर राज्याच्या उच्च शिक्षण मंडळाला अभ्यासक्रम आणि शिक्षकांसाठी दर्जाचे निकष घालावे लागले. २००९ नंतर राज्याने पैशाचा आपला वाटाच आखडता घेतला.

मिनेसोटाने वेगळा मार्ग धरला. १९७७ मध्ये तिथे पोलिसांसाठी परवाना मंडळ आले आणि परवान्याला किमान दोन वर्षांच्या पदवीची अट लागली. पोलिसांचे शिक्षण जवळपास पूर्ण कॉलेजांच्या हवाली करणारे हे राज्य. तरी २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव मिनियापोलिसमध्येच शॉव्हिनच्या हातून गेला. शिक्षणाचा काही उपयोग नाही, असा अर्थ यातून काढणे घाईचे होईल. जेसन रायडबर्ग आणि विल्यम टेरिल यांनी २०१० मध्ये दोन शहरांतल्या नोंदींवरून दाखवले की कॉलेजात गेलेले पोलीस बळाचा वापर कमी वेळा करतात. अटक आणि झडतीच्या बाबतीत मात्र शिक्षणाने फरक पडत नाही. या अभ्यासात पोलीस किती शिकला हे मोजले होते, त्याला कुणी शिकवले हे नव्हे. मिनेसोटाने २०२३ मध्ये एक दार उघडले: दुसऱ्या कुठल्याही विषयाचा पदवीधर थोड्या अवधीचे सखोल प्रशिक्षण घेऊन पोलीस होऊ शकेल. क्रिमिनल जस्टिसच्या वर्गात एकही दिवस न बसलेला इतिहासाचा किंवा जीवशास्त्राचा पदवीधर पोलिसात येऊ शकतो, हे त्या विभागांवरचे न बोललेले मत आहे, असे मला वाटते.

महाराष्ट्रात पोलीस शिपायाला बारावी आणि उपनिरीक्षकाला पदवी लागते, पण ती कशातलीही चालते. पुढचे सगळे प्रशिक्षण खात्याच्या भिंतींआड, अधिकाऱ्यांसाठी नाशिकच्या अकादमीत. त्यामुळे हा वाद आपल्या कॉलेजांच्या दारात अजून आलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची सोय केली आहे: किमान १५ वर्षांचा अनुभव असेल तर पीएचडीशिवायही शिकवता येते, फक्त अशा जागा मंजूर पदांच्या १० टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. ही मर्यादा अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांना कुणी घातली असती तर त्यांचे निम्मे क्रिमिनल जस्टिस विभाग उद्या बंद पडले असते.

तिथल्या मानांकन संस्थांनी अट घातली, पण लवचीक. मध्य-पश्चिमेतल्या अनेक राज्यांतली कॉलेजे तपासणारे हायर लर्निंग कमिशन २०२३ पर्यंत म्हणत असे, शिक्षकाची पदवी तो शिकवतो त्या पदवीच्या एक पायरी वर असावी. किंवा त्याच्या तोलाचा पारखलेला अनुभव असावा. पारखायचा कुणी आणि कसा, हे बरेचसे कॉलेजांवर सोडलेले. माजी पोलिसाचा अनुभव बहुधा वर्षांत मोजला जातो. कोणत्या हुद्द्यावर, कोणत्या कामात, किती तक्रारींसह आणि किती चौकश्यांतून पार पडून, हे विचारले जातेच असे नाही. पाच वर्षे खुनांचा तपास केलेला आणि वीस वर्षे वाहतूक शाखेत काढलेला, दोघेही कागदावर ‘अनुभवी’. तपासावर बोलायला बोलावले जाते ते कधी कधी दुसऱ्यालाच, कारण त्याची वर्षे जास्त भरतात.

सगळ्यांत नवा प्रयोग पुन्हा व्होल्मरच्याच राज्यात चालू आहे. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाने पोलीस होण्याचे किमान वय १८ वरून २१ केले आणि त्याच कायद्याने कम्युनिटी कॉलेजांना पोलिसांसाठी नवी ‘आधुनिक’ पदवी आखायला सांगितली. कायदा, संवादकौशल्य, मानसशास्त्र, इतिहास, वांशिक समूहांचा अभ्यास असे विषय तिच्यात हवेत. ती आखताना पोलिसांचे ऐकायचे आणि पोलिसांच्या कारभाराने पोळलेल्या वस्त्यांचेही. कागदावर हे ‘कॉप शॉप’ला दिलेले अर्धशतकानंतरचे उत्तर वाटते. पण या राज्याच्या कम्युनिटी कॉलेजांत शिक्षकांच्या पात्रतेच्या दोन याद्या आहेत. मानसशास्त्र, इतिहास किंवा वांशिक अभ्यास शिकवायचा तर एमए लागते. न्यायप्रशासन, म्हणजे पोलीसविद्या आणि तुरुंग व्यवस्था, शिकवायला कोणत्याही विषयातली पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव चालतो. पदवी दोन वर्षांचीच असेल तर सहा वर्षांचा. एकाच नव्या पदवीचे विद्यार्थी सकाळी एका यादीतल्या शिक्षकासमोर बसणार आणि संध्याकाळी दुसऱ्या यादीतल्या. सकाळच्या बाईंनी आणि संध्याकाळच्या सरांनी एकमेकांच्या तासाला बसावे, टेरीचा खटला दोघांनी मिळून शिकवावा, यासाठी लागणारे तास आणि पगार कायदा देत नाही. ते प्रत्येक कॉलेजाच्या अंदाजपत्रकावर सोडलेले आहे.